अंदाज त्यांचा चुकला, भत्ता आमचा गेला



रेल्वेत ज्याचा अंदाज चुकतो त्याला त्याची किंमत मोजावी लागते, हे तुम्हाला सांगायला नको. लोको पायलटचा ब्रेक मारण्याचा अंदाज चुकला आणि इंजिन लाल सिग्नलच्या पुढे गेले, की तो त्याच दिवशी निलंबित. शंटिंग करताना पॉइंट्समनला अंतर कळले नाही आणि बफर जोरात आदळले, की चार्जशीट. टपाल खात्यातल्या आमच्या बंधूंचे तरी काय वेगळे आहे? संध्याकाळी काउंटरवरच्या रोकडीत शंभर रुपये कमी भरले तर ते क्लार्कने आपल्या खिशातून भरायचे, वर खुलासाही द्यायचा. पण या देशात एक खाते असे आहे की तेथे अंदाज साडेचार लाख कोटी रुपयांनी चुकला तरी कोणाला साधा मेमो मिळत नाही. ते खाते म्हणजे केंद्र सरकारचे अर्थखाते. तेथे चूक होते दिल्लीत आणि वसुली होते आपल्या पगाराच्या स्लिपवर.

मी मॅट्रिक झालेला माणूस आहे, अर्थशास्त्राचा पदवीधर नाही. पण तीस वर्षांहून अधिक काळ पगाराची स्लिप वाचतो आहे आणि युनियनच्या वर्गणीचा हिशेब पैशापैशाने लावतो आहे. त्यामुळे जमेची बाजू आणि खर्चाची बाजू मला कळते. हा लेख लिहायला बसलो तो एका प्रश्नामुळे. २०२० सालच्या उन्हाळ्यात, लॉकडाऊनमध्ये, आमच्या बेंगळुरूच्या युनियन ऑफिसात सोलापूरकडचा एक तरुण ट्रॅकमन आला. तोंडाला रुमाल, हातात स्लिप. त्याचा मूळ पगार १८ हजार. जानेवारीपासूनचा वाढीव महागाई भत्ता थकबाकीसह मिळणार आणि त्यातून गावच्या घरावर नवे पत्रे टाकायचे, असे त्याने ठरवले होते. तो भत्ता गोठवल्याचा आदेश आला होता. त्याने मला विचारले, "काका, सरकारला खरंच पैसे कमी पडलेत का?"

मी त्या दिवशी त्याला नीट उत्तर देऊ शकलो नाही. "साथीचे दिवस आहेत, बघू," असे काहीतरी बोललो. आज देतो.

होय, पैसे कमी पडले होते. पण ते करोनाने कमी पडले असे जे सांगितले गेले ते अर्धेच खरे आहे. तूट त्याच्या आधीच पडली होती.

५ जुलै २०१९ रोजी जो अर्थसंकल्प मांडला गेला त्यात २०१९-२० या वर्षात एकूण कर २४ लाख ६१ हजार कोटी रुपये जमा होईल असे लिहिले होते. वर्ष संपल्यावर हिशेब लागला तेव्हा जमा झाले होते २० लाख १० हजार कोटी. त्या वर्षातला लॉकडाऊन किती दिवसांचा? देशभरचा लॉकडाऊन २५ मार्च २०२० ला लागला, वर्ष ३१ मार्चला संपले. म्हणजे एक आठवडा! एका आठवड्यात साडेचार लाख कोटी बुडत नसतात.

मग हा आकडा धरला कसा? आदल्या वर्षी, २०१८-१९ मध्ये, कर प्रत्यक्षात २० लाख ८० हजार कोटी आला होता. अर्थसंकल्पाच्या आदल्याच दिवशी जी आर्थिक पाहणी संसदेत ठेवली गेली तिच्यात हे कमी जमा झालेले आकडे होते. अर्थसंकल्पात मात्र आदल्या वर्षाचा जुना, फुगलेला, साडेबावीस लाख कोटींच्या घरातला सुधारित अंदाजच कायम ठेवला आणि त्यावर नवा मजला चढवला. खऱ्या आकड्यावरून पाहिले तर एका वर्षात कर १८ टक्क्यांनी वाढायला हवा होता. आणि त्या वर्षी प्रत्यक्षात काय झाले? कर वाढला नाहीच, आदल्या वर्षापेक्षाही ७० हजार कोटींनी खाली आला.

मंदी आली हे दिल्लीतल्या पंडितांना उशिरा कळले असेल, आम्हाला यार्डात आधी दिसले होते. रेल्वेने २०१८-१९ मध्ये १२२ कोटी टन माल वाहिला होता. २०१९-२० मध्ये तो १२१ कोटी टनांच्याही खाली गेला. रेल्वेचा माल दरवर्षी थोडा तरी वाढतो, तो घटला म्हणजे कारखान्यांची धुगधुगी कमी झाली असे समजावे. ऑगस्ट २०१९ मध्ये देशात मोटारींच्या विक्रीत दोन दशकांतली सर्वांत मोठी घसरण झाली. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणारे माझे शेजारी त्या पावसाळ्यात दुसरी पाळी बंद झाल्याचे सांगत होते. मालगाडीच्या गार्डालाही जे दिसत होते ते अर्थसंकल्प लिहिणाऱ्यांना दिसले नाही, यावर कोणी विश्वास ठेवायचा? देशाच्या उत्पन्नाची वाढ महागाई धरून १२ टक्के होईल असे गृहीत धरले होते. ती त्याच्या जवळपास निम्म्यावर आली.

आता यातली खरी मेख सांगतो. मंदीत कर घटतो, पण सगळ्यांचा सारखा घटत नाही. कंपनीचा धंदा दहा टक्के घटला तर नफा त्याहून किती तरी जास्त घटतो, आणि नफ्यावरचा कर तितकाच खाली जातो. तुमचा-माझा आयकर मात्र पगार हातात येण्याआधीच कापला जातो. त्यात पळवाट नाही, मुदत नाही. म्हणून २०१९-२० मध्ये कंपन्यांचा कर आदल्या वर्षीच्या ६ लाख ६३ हजार कोटींवरून ५ लाख ५७ हजार कोटींवर उतरला, आणि व्यक्तींचा आयकर ४ लाख ७३ हजार कोटींवरून ४ लाख ९२ हजार कोटींवर चढला. मंदीतही आपण जास्त दिले. पुढच्या वर्षी तर पगारदार आणि छोट्या धंदेवाल्यांचा आयकर सगळ्या कंपन्यांच्या करापेक्षा जास्त झाला.

पण कंपन्यांचा कर केवळ मंदीने घटला असे मानू नका. २० सप्टेंबर २०१९ रोजी अर्थमंत्री गोव्यात पणजीला होत्या. जीएसटी परिषदेची बैठक होती. त्या सकाळी त्यांनी जाहीर केले की कंपन्यांच्या कराचा दर ३० टक्क्यांवरून २२ टक्के आणि नव्या कारखान्यांना १५ टक्के. तोही मागे जाऊन १ एप्रिल २०१९ पासून. यासाठी आयोग नेमला नाही, संयुक्त समिती बसली नाही, संसदेची वाटही पाहिली नाही, वटहुकूम निघाला. सरकारनेच सांगितले की यामुळे तिजोरीला वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा फटका बसेल. पुढे संसदेच्या अंदाज समितीसमोर जे आकडे आले त्यांत दोन वर्षांचे मिळून सुमारे १ लाख ८४ हजार कोटी रुपये सोडून दिल्याचे दिसते. जहाजाला भोक पडलेले असताना आणखी एक फळी काढून व्यापाऱ्याला भेट दिली, असा हा प्रकार. त्याच्या आधी २६ ऑगस्टला रिझर्व्ह बँकेने सरकारला १ लाख ७६ हजार कोटी रुपये देण्याचे ठरवले होते, तेही या भोकातून वाहून गेले.

आणि मग एप्रिल २०२० उजाडला.

१३ मार्च २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने १ जानेवारीपासून ४ टक्के महागाई भत्ता मंजूर केला होता. १७ चे २१ टक्के झाले म्हणून ऑफिसात पेढे वाटले गेले. सहा आठवडेही झाले नाहीत तोच २३ एप्रिलला आदेश निघाला: जानेवारी २०२०, जुलै २०२० आणि जानेवारी २०२१ असे तिन्ही हप्ते गोठवले, थकबाकी मिळणार नाही. नुसते लांबणीवर टाकले असते तर समजण्यासारखे होते. येथे मंत्रिमंडळाने मंजूर केलेला पैसा पुसून टाकला. जुलै २०२१ पासून भत्ता एकदम २८ टक्के झाला, पण मधले अठरा महिने कोरे राहिले.

हिशेब तुम्हीच करा. पहिले सहा महिने ४ टक्के, पुढचे सहा ७ टक्के, शेवटचे सहा ११ टक्के. माझ्या त्या ट्रॅकमनचे, १८ हजार मूळ पगारावर, ४,३२० अधिक ७,५६० अधिक ११,८८० म्हणजे २३,७६० रुपये गेले. ज्याचा मूळ पगार ३० हजार त्याचे ३९,६०० गेले. पगार काहीही असो, मूळ पगाराच्या एक महिना आणि वर जवळजवळ दहा दिवस इतकी ती रक्कम होते. शिवाय १ जानेवारी २००४ नंतर लागलेल्या आपल्या एनपीएसवाल्या मुलांचे दुहेरी नुकसान, कारण पेन्शनच्या खात्यात सरकारने भरायचे १४ टक्के महागाई भत्त्यावरही असतात. भत्ताच नाही तर त्याचे १४ टक्के कोठून येणार? त्या ट्रॅकमनच्या पेन्शनच्या खात्यात ३,३०० रुपयांहून अधिक सरकारी वाटा कधी पडलाच नाही. तो निवृत्त होईपर्यंत त्यावर जे वाढले असते तेही गेले.

सरकारने संसदेत सांगितले की यातून ३४,४०२ कोटी रुपये वाचले. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवा. कंपन्यांना एका वर्षात सोडायचे ठरवले १ लाख ४५ हजार कोटी, आणि लाखो कर्मचारी व पेन्शनर यांच्या अठरा महिन्यांच्या भत्त्यातून काढले ३४ हजार कोटी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

माझे वडील मिरजेला रेल्वेत होते. १९७४ च्या मे महिन्यातल्या संपात ते होते, आणि त्या संपात काय काय सोसावे लागले ते ते शेवटपर्यंत सांगत. संप मोडल्यावर जुलैत इंदिरा गांधींच्या सरकारने वटहुकूम काढून वाढीव महागाई भत्त्याचा अर्धा भाग सक्तीने ठेवीत टाकला, नंतर त्याचा कायदाही झाला. त्याला आपल्या लोकांनी केवढा विरोध केला! तो योग्यच होता. पण ती निदान ठेव होती. हप्त्याहप्त्याने, व्याजासह परत करण्याची तरतूद कायद्यात होती. ज्या सरकारने संप चिरडला, हजारोंना तुरुंगात टाकले, त्याही सरकारला कामगाराचा भत्ता ही कामगाराची मालमत्ता आहे हे नाकारता आले नाही. २०२० च्या सरकारला ते सहज जमले, तेही संप नसताना, आपण कामावर असताना.

कामावर असताना हे मी मुद्दाम म्हणतो. ज्या वर्षी देश घरात बसला होता त्या २०२०-२१ मध्ये रेल्वेने आदल्या वर्षापेक्षा जास्त माल वाहिला, १२३ कोटी टन. धान्य, कोळसा, खत, आणि दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनच्या टाक्या. टपालाचे बंधू गावोगाव औषधे आणि पेन्शनचे पैसे घेऊन फिरत होते. मे २०२१ च्या १० तारखेला रेल्वे बोर्डाच्या अध्यक्षांनीच सांगितले की तोपर्यंत १,९५२ रेल्वे कर्मचारी करोनाने गेले. त्यातले काही आमच्या विभागातले होते. त्यांची नावे येथे देत नाही, घरच्यांना पुन्हा त्रास नको. आणि हो, मार्च २०२० मध्ये रेल्वे कर्मचाऱ्यांच्या एक दिवसाच्या पगारासह १५१ कोटी रुपये पंतप्रधानांच्या नव्या निधीला देण्याचे जाहीर झाले होते. आपण दिले नाही असे कोणी म्हणू शकत नाही.

आता दुसरी बाजूही ऐकू या, कारण सभेत हा प्रश्न येतोच. परवा एक सुशिक्षित गृहस्थ मला म्हणाले, "साहेब, तुमचा पगार तरी चालू होता. खासगीतल्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या. ते चालत गावी गेले." खरे आहे. बेंगळुरूहून पायी निघालेली माणसे आम्ही रुळावर पाहिली आहेत, त्यांना पाणी दिले आहे. त्यांच्या तुलनेत आपण नशीबवान होतो हे मी नाकारत नाही. पण मला दाखवा, आमच्या खिशातून काढलेल्या ३४ हजार कोटींतला पैसा त्या चालणाऱ्याच्या हातात गेला असता तर मी हा लेख लिहिला असता का? त्याच्यासाठी आमचा भत्ता घेतो असे म्हणाले असते, तर युनियनमध्ये मी स्वतः उठून पाठिंबा दिला असता. भत्ता गोठवला आणि कंपन्यांची सवलत मात्र चालूच राहिली. संकटात सगळ्यांनी सोसायचे असते तर त्या २२ टक्क्यांचे एका वर्षापुरते २५ का झाले नाहीत? हा प्रश्न कोणी विचारला तर तो म्हणे विकासविरोधी.

दुसरे म्हणणे असे की कर कमी केला म्हणून गुंतवणूक वाढली, कारखाने आले, पुढे कंपन्यांचा करही वाढला. करही वाढला हे खरे आहे, २०२३-२४ मध्ये तो ९ लाख कोटींच्या वर गेला. पण त्याच वर्षी व्यक्तींचा आयकर १० लाख कोटींच्या वर गेला होता, म्हणजे आपण अजूनही पुढेच. नोकऱ्यांचे काय, ते सरकारच्याच २०२४-२५ च्या आर्थिक पाहणीत वाचा. २०२३-२४ मध्ये मोठ्या कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला आणि नोकऱ्या वाढल्या दीड टक्का. हे आमच्या महासंघाने लिहिले असते तर प्रचार म्हटले असते.

तूट भरायला दुसरा रस्ता धरला तो पेट्रोल पंपावरचा. मार्च आणि मे २०२० मध्ये मिळून पेट्रोलवर लिटरमागे १३ आणि डिझेलवर १६ रुपये अबकारी कर वाढवला. जगात कच्चे तेल मातीमोल झाले होते, त्याचा फायदा सामान्य माणसाला मिळण्याआधीच सरकारने तो वर उचलला. ड्यूटीवर मोटारसायकलने जाणारा आमचा कीमन त्या दिवसांत दररोज कर भरत होता. त्यातही हातचलाखी पाहा. लिटरमागच्या ३२ रुपये ९८ पैशांपैकी राज्यांबरोबर वाटून घ्यायचा मूळ कर होता फक्त २ रुपये ९८ पैसे. बाकी सगळे उपकर आणि अधिभार, जे केंद्र एकटे ठेवते. २०२०-२१ मध्ये एकूण करातला सुमारे पाचवा भाग असा वाटपाबाहेरचा होता.

यावरून राज्यांचा विषय निघाला, तो थोडक्यात सांगतो. जीएसटी आणताना केंद्राने राज्यांना वचन दिले होते की उत्पन्न दरवर्षी १४ टक्क्यांनी वाढले नाही तर फरक आम्ही भरू. मंदी आली, फरक पडला, आणि २७ ऑगस्ट २०२० च्या बैठकीत अर्थमंत्री म्हणाल्या की ही देवाची करणी आहे! २ लाख ३५ हजार कोटींची तूट, तुम्ही कर्ज काढा. १४ टक्क्यांचे वचन देताना देवाला विचारले होते का? शेवटी केंद्राने कर्ज काढून राज्यांना उसने दिले, आणि ते फेडण्यासाठी ग्राहकावरचा भरपाई उपकर जून २०२२ ऐवजी मार्च २०२६ पर्यंत लांबवला. म्हणजे त्या अंदाजाची किंमतही शेवटी दुकानात माल घेणाऱ्याने दिली. कर्नाटक सरकारनेही केंद्राच्या मागोमाग आपल्या कर्मचाऱ्यांचा भत्ता गोठवला. महाराष्ट्राने मार्च २०२० चा पगार दोन टप्प्यांत दिला, पण चतुर्थ श्रेणीचा कापला नाही, हे मान्य केले पाहिजे. तेवढी लाज तरी राहिली होती.

जुन्या सभासदांना आठवेल, हे पहिल्यांदा घडलेले नाही. १९९७ साली चिदंबरम यांनी जो अर्थसंकल्प मांडला त्याला वर्तमानपत्रांनी स्वप्नातला अर्थसंकल्प म्हटले. आयकराचा वरचा दर ४० वरून ३० वर, कंपन्यांचा ४० वरून ३५ वर. दर कमी केले की लोक आनंदाने कर भरतील, असा अंदाज. त्याच वर्षी मंदी आली आणि दीड लाख कोटींहून अधिक धरलेला कर १ लाख ३९ हजार कोटींवर थांबला. खापर कोणाच्या डोक्यावर फुटले? पाचव्या वेतन आयोगाच्या! आमच्या पगारवाढीने तिजोरी रिकामी झाली, असे अग्रलेख आले. मी तेव्हा नव्याने युनियनमध्ये शिरलो होतो आणि चहाच्या टपरीवर लोकांचे टोमणे खात होतो. २००१-०२ मध्ये तेच. २ लाख २६ हजार कोटींचा अंदाज, हातात आले १ लाख ८७ हजार कोटी. त्याच वर्षी नोकरभरती आवळण्याचा आदेश निघाला, रिकाम्या जागांपैकी एक तृतीयांशच भरायच्या. टपाल खात्यात पोस्टमनच्या दोन बीटांचे ओझे एकाच्या खांद्यावर आले ते तेव्हापासून, आणि ज्या जागा तेव्हा गेल्या त्या परत आल्या नाहीत.

आता माझ्या मुद्द्याचा गाभा. तूट पडली तेव्हा ती आपण भरली. ठीक. मग जेव्हा अंदाजापेक्षा जास्त जमा झाले तेव्हा काय झाले?

२०२१-२२ साठी अंदाज धरला होता २२ लाख १७ हजार कोटींचा. जमा झाले २७ लाख ९ हजार कोटी. म्हणजे अंदाजापेक्षा ४ लाख ९२ हजार कोटी जास्त! त्या जादा पैशातल्या शंभर रुपयांमागे सात रुपये बाजूला काढले असते तर आपली सगळी थकबाकी, पेन्शनरांसकट, फिटली असती. निघाला का आदेश? नाही. उलट संसदेत पुन्हा पुन्हा उत्तर दिले गेले की थकबाकी देणे व्यवहार्य नाही, साथीचा बोजा २०२०-२१ च्या पुढेही राहिला. तिजोरी अंदाजाहून पाच लाख कोटींनी भरली त्या वर्षाबद्दलही हेच उत्तर! ज्येष्ठ नागरिकांची रेल्वे सवलत २० मार्च २०२० ला बंद केली, तीही साथ गेल्यावर वर्षानुवर्षे बंदच राहिली. म्हणजे अंदाज खाली चुकला की तो आमच्या अंगावर, वर चुकला की त्यांच्या पदरात. असा एकतर्फी काटा वाण्याच्या दुकानात असता तर वजनमापे खात्याने दुकानाला सील ठोकले असते.

आणखी एक कागद सांगतो, तो प्रत्येक शाखा सचिवाने फाइलला लावून ठेवावा. अर्थखात्याचा ७ सप्टेंबर २०२१ चा आदेश. त्यात म्हटले आहे की जानेवारी २०२० ते जून २०२१ या काळात जे निवृत्त झाले त्यांची ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे २१, २४ आणि २८ टक्के भत्ता धरून काढावेत. हे त्यांनी बरेच केले. युनियनांनी ते भांडून मिळवले. पण त्याचा अर्थ लक्षात घ्या. त्या तारखांना तो भत्ता लागू होता हे सरकारने स्वतःच कबूल केले. निवृत्त होणाऱ्याच्या ग्रॅच्युइटीसाठी जो भत्ता खरा, तो त्याच दिवशी त्याच्या शेजारी काम करणाऱ्याच्या पगारासाठी खोटा कसा? मी वकील नाही, पण हे कोणत्या न्यायात बसते ते मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही.

हे जुने उकरून काय उपयोग, असे काहींना वाटेल. अठरा महिन्यांचे पैसे आता काय मिळणार! मिळतील की नाही हे मी छातीठोक सांगत नाही. पण हे उकरण्याचे कारण पुढे उभे आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आठवा वेतन आयोग नेमला गेला, अहवालाला अठरा महिन्यांची मुदत. हो, पुन्हा अठरा महिने! त्याच्या कार्यकक्षेत पहिलीच गोष्ट लिहिली आहे ती देशाची आर्थिक स्थिती आणि वित्तीय शिस्त यांचा विचार करण्याची. शिवाय विनाअंशदायी पेन्शन योजनांच्या खर्चाचाही विचार करावा असे त्यात आहे. हे शब्द वाचून मला घेरी आली नाही, पण सावध झालो. कोणत्या वर्षी कोणता अंदाज फुगवून मांडतील, मग तूट दाखवतील आणि ती तूट आयोगापुढे ठेवतील, हे आता आपल्याला ओळखता आले पाहिजे. तिजोरीत पैसा नाही असे कोणी म्हणाले की पहिला प्रश्न हा विचारायचा: अंदाज किती धरला होता, कोणी धरला होता, आणि मधल्या काळात कर कोणाला सोडला?

आमच्या शाखेने आयोगाला पाठवायच्या निवेदनात तीन गोष्टी धरल्या आहेत. अठरा महिन्यांची थकबाकी, निदान पी.एफ. खात्यात जमा करून द्यावी. एनपीएसवाल्यांच्या खात्यात त्या काळाचा सरकारी वाटा भरावा. आणि महागाई भत्ता पुन्हा गोठवायची वेळ आलीच तर तो १९७४ सारखा व्याजासह परत करण्याच्या बोलीवर असावा, आणि त्याच आदेशात कंपन्यांच्या सवलतीही तितक्याच महिन्यांसाठी थांबवाव्यात. ही तिसरी मागणी वाचून काही पदाधिकारी हसले. हसू द्या.

आता कामाचे. एप्रिल २०२० ते जून २०२१ या काळातल्या पगाराच्या स्लिपा तुमच्याकडे असतील तर त्या शोधून झेरॉक्स करून शाखेकडे द्या. नसतील तर आपापल्या पगार विभागाकडे लेखी अर्ज करून मागा आणि अर्जाच्या पोचेवर शिक्का घ्यायला विसरू नका. टपालाच्या बंधूंनी आपापल्या डिव्हिजनल सेक्रेटरीकडे द्याव्यात. पेन्शनर मंडळींनी पासबुकाच्या त्या अठरा महिन्यांच्या पानांची प्रत द्यावी. मिरज, सोलापूर, बेळगावकडून बदलून आलेल्यांच्या स्लिपा जुन्या विभागात अडकल्या असतील, त्यांची यादी आम्ही वेगळी करतो आहोत. नाव आणि पी.एफ. नंबर कळवा. तो सोलापूरचा ट्रॅकमन आता मेट झाला आहे. घरावर पत्रे त्याने पी.एफ.चे कर्ज काढून टाकले. त्याची स्लिप फाइलमध्ये पहिली लावली आहे.

आपला,
शाखा सचिव, बेंगळुरू